दुसरा आवाज कुणाचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं जुन्या गाण्यांच्या जपणुकीबद्दल आहेत. पहिलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गाण्यांबद्दल, दुसरं नागपूरच्या इंदोऱ्यातल्या एका लोखंडी पेटीबद्दल आणि तिसरं तबकड्या धुण्याबद्दल. इंदोऱ्याच्या पत्राला मी जास्त जागा देते आहे. ते वाचल्यापासून दुसरं काही सुचलेलं नाही.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गिटार शिकतो. सरांनी ब्लूज ऐकायला सांगितलं. मिसिसिपीतल्या शेतमजुरांची ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची गाणी तिथल्या सरकारी ग्रंथालयात आहेत असं कळलं. गाण्यांचं ग्रंथालयात काय काम? आणि नागपुरात बसून ती ऐकता येतील का? – विद्यार्थी, गोकुळपेठ

उत्तर : ग्रंथालयात काय काम, हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. नागपूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं मी ग्रंथपाल होते.

तुम्ही म्हणता ते सरकारी ग्रंथालय म्हणजे वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेस. तिथे १९२८ साली लोकगीतांचा स्वतंत्र विभाग निघाला. १९३३च्या उन्हाळ्यात जॉन लोमॅक्स हा पासष्टीचा माणूस आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन हे दोघं या विभागासाठी अमेरिकेच्या दक्षिणेत फिरायला निघाले. मोटारीच्या मागच्या भागात ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं, वजन सुमारे १४० किलो. गायकाला स्टुडिओत आणण्याऐवजी स्टुडिओच गायकाच्या दारात न्यायचा, असा तो बेत. ते तुरुंगांतही गेले. रेडिओ आणि ग्रामोफोन जिथे पोचले नाहीत तिथे जुनी गाणी तशीच राहिली असतील, असं त्यांचं गणित होतं. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना हडी लेडबेटर भेटला. पुढे जगाने त्याला लेड बेली या नावाचा गायक म्हणून ओळखलं.

माझं मत इथेच सांगून टाकते. त्या बापलेकांनी केलेलं काम मोठं आहे. ते नसतं तर यातलं बरंच काही आज कानावरच आलं नसतं. पण ज्याला नाही म्हणायची सोय नाही अशा कैद्याकडून गाणं घेणं ही साधी गोष्ट नव्हे. त्या मुद्रणांच्या नोंदींत कितीतरी ठिकाणी गायकांच्या नावाच्या जागी नुसतं ‘कैद्यांचा गट’ लिहिलेलं आहे. ऐकताना हे लक्षात असू द्या.

दुसरी हकीकत १९४१ची. मिसिसिपीतल्या कोआहोमा परगण्याचा अभ्यास लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ यांनी मिळून हाती घेतला. फिस्क हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ, आणि तिथले जॉन वर्क हे स्वतः संगीतकार आणि अभ्यासक. ऑगस्ट महिन्यात ॲलन लोमॅक्स आणि वर्क स्टोव्हलच्या मळ्यावर पोचले. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मकिन्ली मॉर्गनफील्डला त्याच्याच झोपडीत बसवून त्यांनी त्याची गाणी घेतली. हाच पुढे मडी वॉटर्स या नावाने गाजलेला ब्लूज गायक. त्याला पुढे तबकडीच्या दोन प्रती आणि २० डॉलर पोचते झाले. ती तबकडी हातात धरून, सूट घालून त्याने स्टुडिओत फोटो काढून घेतला. १९४३ साली तो शिकागोला गेला आणि विजेच्या गिटारवरचं ब्लूज त्याने तिथे उभं केलं. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळाल्यावर माणूस काय करू शकतो, ते त्या फोटोत दिसतं.

जॉन वर्क यांच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. त्यांनी लिहिलेलं या अभ्यासाचं हस्तलिखित वॉशिंग्टनला गेलं आणि गहाळ झालं. कित्येक दशकांनी ते लोमॅक्सच्याच कागदपत्रांत सापडलं आणि २००५ साली छापून आलं. तोवर वर्क हयात नव्हते. झोपडीत दोन अभ्यासक बसले होते, पण जगाला एकच माहीत झाला.

ऐकण्याचं सोपं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने बरीच मुद्रणं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. ॲलन लोमॅक्सने पुढे टेपवर घेतलेली हजारो गाणी त्याच्या संस्थेच्या डिजिटल संग्रहात आहेत, तीही फुकट. मिसिसिपी विद्यापीठाचा ब्लूज संग्रह १९८४ साली सुरू झाला. त्याचा पाया म्हणजे ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांनी स्वतःच्या घरातून दिलेल्या हजारो तबकड्या. त्यासाठी मात्र तिकडेच जावं लागेल. क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात मडी वॉटर्सच्या त्या झोपडीचे ओंडके उभे करून ठेवले आहेत.

ऐकताना एक करा. गाण्यासोबतचं नोंदीचं पान आधी वाचा. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, सोबत कोण. मग डोळे मिटा. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, ही ब्लूजची घडण तुमच्या आजीला समजावून सांगावी लागणार नाही. तिच्या जात्यावरच्या ओवीतही ओळ अशीच फिरून येते. ही माणसं कापूस वेचत होती, हेही आपल्याला परकं नाही. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला आली, १८७७ साली एम्प्रेस मिलचा भोंगा वाजला. तिकडचं आणि इकडचं बोंड एकाच बाजारात विकलं जात होतं.

प्रश्न : ताई, माझे आजोबा उत्तर नागपुरात भीमगीतं गायचे. गाणी स्वतः रचायचे, स्वतःचं पथक होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या लोखंडी पेटीत ४३ कॅसेटी आणि गाण्यांच्या दोन वह्या आहेत. एक अभ्यासक घरी येऊन गेले. सगळं द्या, डिजिटल करून परत आणून देतो, म्हणाले. माणूस चांगला वाटला. पण आजी म्हणते, “मागं एक जण तिसरी वही घेऊन गेला, तो मंग आलाच नाही. आता पेटी घराबाहेर जाणार नाही.” मला दोघांचंही पटतं. काय करू? – एक नातू, इंदोरा

उत्तर : आजीचं ऐका. अभ्यासकांना नाही म्हणू नका, पण पेटी घराबाहेर जाऊ देऊ नका. त्यांना घरी बोलवा. चहा पाजा, पंख्याखाली बसवा, काय हवं ते ऐकू द्या. घराबाहेर जाईल ती प्रत, मूळ कॅसेट नाही. चांगल्या अभ्यासकाला या अटीचा राग येत नाही.

तुमच्या आजीसारख्याच दोन बहिणी अमेरिकेत होत्या. रॉबर्ट जॉन्सन हे ब्लूजमधलं फार मोठं नाव. १९३६ आणि ३७ साली टेक्सासात त्याने २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्याबद्दल कुणालाच फारसं काही ठाऊक नव्हतं. ह्यूस्टनचा मॅक मकॉर्मिक हा शोधक गावोगाव फिरत १९७०च्या सुमारास जॉन्सनच्या सावत्र बहिणींपर्यंत पोचला. त्यांनी त्याच्याजवळ आठवणी सांगितल्या, घरातले फोटो दिले. ते फोटो त्याच्याकडेच राहिले. आयुष्यभर त्याने खोल्याच्या खोल्या भरून कागद, टेपा आणि छायाचित्रं जमवली. त्या पसाऱ्याला तो स्वतःच ‘राक्षस’ म्हणायचा. पुस्तक लिहीत राहिला, छापलं मात्र नाही. २०१५ साली तो वारला, संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेकडे गेला आणि पुस्तक २०२३ साली निघालं. घरच्यांचे फोटो संस्थेने त्यांच्या वारसांना परत केले. ज्यांनी विश्वासाने दिले होते त्या बहिणी तोवर राहिल्या नव्हत्या.

हा माणूस चोर नव्हता. त्या गाण्यांवर त्याचं जिवापाड प्रेम होतं. म्हणूनच सांगते, समोरचा माणूस चांगला आहे की नाही यावर पेटीचा निर्णय ठेवू नका. चांगला माणूसही आजारी पडतो, घर बदलतो, त्याच्या डोक्यात पुस्तक अडकून बसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या मते जास्त महत्त्वाची. १९५९ साली ॲलन लोमॅक्स मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात पुन्हा गेला. काही कैदी कुऱ्हाडीच्या तालावर लाकडं फोडत गात होते. गाणं उचलून धरणाऱ्याचं नाव त्याने टिपून ठेवलं : जेम्स कार्टर. पुढे चाळीस वर्षं लोटली. २००० साली एका गाजलेल्या हॉलिवूड चित्रपटाच्या सुरुवातीला ते गाणं वापरलं गेलं, चित्रपटाच्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या. तेव्हा लोमॅक्सच्या संग्रहाची माणसं आणि अल्बमचा निर्माता यांनी कार्टरचा शोध घेतला. तो शिकागोत सापडला, पंचाहत्तरी ओलांडलेला. हे गाणं आपण गायलो होतो याचीही त्याला आठवण नव्हती. २० हजार डॉलरचा पहिला धनादेश त्याच्या हातात पडला.

कागदावर ‘कैद्यांचा गट’ एवढंच असतं, तर कुणाला शोधलं असतं? आणि त्याच टेपवर कार्टरच्या मागे जे गात होते, ज्यांच्या कुऱ्हाडी ऐकू येतात, त्यांची नावं तबकडीवर नाहीत. तिथे लिहिलंय : ‘जेम्स कार्टर आणि कैदी’.

हे वाचलं की मला माझी कॅसेट आठवते. १९८७च्या मे महिन्यात काटोलजवळच्या आमच्या गावी मी आईच्या ओव्या टेप केल्या होत्या. भावाचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, ओसरीत पाटावर ठेवला होता. साठ मिनिटांची कॅसेट. आईचा आवाज पहिल्यापासून आहे, मागे जात्याची घरघर. चौदाव्या मिनिटाला आई थांबते, कुणाला तरी म्हणते, “खुंटा धर गं,” आणि पुढची ओवी दुसरीच बाई उचलते. आवाज आईपेक्षा खालच्या पट्टीतला, ओळीच्या शेवटी जरा सोडून देणारा. हातात काचेच्या बांगड्या नसाव्यात, कारण खुंटा फिरताना येणारी किणकिण जाड आहे, धातूची आहे. सहा ओव्या ती म्हणते. त्यातली एक मी दुसरीकडे कुठेच ऐकलेली नाही.

ती कोण, मला माहीत नाही. तेव्हा माहीत असणारच, मी तिथेच बसले होते. आई गेली, ओसरीत तेव्हा असलेल्या म्हाताऱ्या सगळ्या गेल्या. भाऊ म्हणतो शेजारची, मावशी म्हणते तिचा आवाज असा नव्हताच. कॅसेटच्या पट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘आई – ओव्या’. कॉलेजच्या एकेका पुस्तकाचं कार्ड मी लेखक, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक असं नीट भरत होते त्याच काळातली ही कॅसेट आहे. याचं दुःख अजून गेलेलं नाही.

म्हणून कॅसेटी डिजिटल करण्याआधी एक वही घ्या आणि आजीशेजारी बसा. प्रत्येक कॅसेटला १ ते ४३ असा आकडा द्या. तोच आकडा कॅसेटवर, तिच्या डबीवर आणि वहीत. पट्टीवर आजोबांनी जे लिहिलं असेल ते चुकांसकट जसंच्या तसं उतरवा. मग एकेक लावून आजीला विचारा. गाणं कुणी रचलं, ढोलकीवर कोण, हार्मोनियमवर कोण, कोरसात कोण कोण बाया, कार्यक्रम कुठल्या वस्तीत, जयंतीचा की धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. आजी बोलेल तेव्हा मोबाइलवर तिचंही बोलणं टेप करा. तिला नाव आठवलं नाही तर ‘माहीत नाही, पण मेंदीचं दुकान होतं तिचं’ एवढंसुद्धा लिहा. त्यावरून उद्या कुणीतरी ओळखेल. मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायकाने १९२८ साली गाणी मुद्रित केली आणि लोक त्याला विसरून गेले. त्याच्या एका गाण्यात ॲव्हलॉन हे त्याच्या गावाचं नाव होतं. पस्तीस वर्षांनी ब्लूजच्या चाहत्यांनी जुन्या नकाशांच्या पुस्तकात ते गाव शोधलं, १९६३ साली एक जण तिथे जाऊन पोचला, आणि हर्ट तिथेच राहत होता. शेवटची तीन वर्षं तो जगभराच्या श्रोत्यांसाठी गायला.

आता कॅसेटींचं. पेटीतून काढल्या काढल्या मशीनमध्ये घालू नका. खिडकीच्या उजेडात धरून फीत पाहा. पांढुरकी बुरशी दिसली तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा, एकीची बुरशी मशीनमधून दुसरीला लागते. फितीच्या मधोमध मागे तांबूस पट्टीवर इवलासा नमद्याचा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबून येतो. एखाद्या कोऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो. पेन्सिल घालून चक्रं दोन-चार वेळा फिरवा, मोकळी फिरली पाहिजेत. वरच्या कडेच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही टेप होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, आणि मगच वाजवा. मशीनचं हेड, म्हणजे फीत जिथे घासत जाते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं हवं.

टू-इन-वनसमोर मोबाइल धरून घेतलेलं चालणार नाही. जुना कॅसेट डेक मिळवा, त्याची वायर ऑडिओ इंटरफेसमधून (आवाज संगणकात उतरवणारी छोटी डबी) संगणकाला जोडा आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपात, २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झवर घ्या. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. खरखर काढायच्या भानगडीत मूळ फाइलला हात लावू नका. काढायची तर तिची वेगळी प्रत करून काढा. आणि बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग घ्या. मधलं खोकणं, माइक नीट करणं, ‘पुढचं गाणं अमक्याच्या विनंतीवरून’ हे सगळं राहू द्या. कितीतरी नावं त्या बोलण्यातच असतात.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. पेटी टिनाच्या छपराखाली किंवा माळ्यावर असेल तर आजच खाली आणा. नागपूरचा मे महिना माणसांना सोसत नाही, फितीला काय सोसणार! पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर वर, कॅसेटी उभ्या.

अभ्यासकांना प्रत देताना एका कागदावर लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा. काय दिलं, कशासाठी दिलं, छापताना आजोबांचं आणि पथकातल्यांचं नाव येईल, विकायचं झालं तर आधी विचारतील. आजोबांनी रचलेल्या गाण्यांचा कॉपीराइट त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं घरच्यांकडे असतो. हे तुम्हाला ठाऊक आहे एवढं समोरच्याला कळलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

एखादी प्रत संस्थेकडे असावी असं वाटलं तर गुरुग्रामला संगीत अभ्यासाचं एक ध्वनिसंग्रह केंद्र आहे, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं. परदेशी अभ्यासकांनी भारतात टेप करून नेलेल्या गाण्यांच्या प्रती इथे परत आणायच्या, हा १९८२ साली ते सुरू करण्यामागचा एक मोठा हेतू होता. आणि नोंद कशी असावी ते पाहायचं असेल तर ‘परी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहा. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं. आजीला मोबाइलवर दाखवा. आपली पेटी अशी दिसू शकते, हे तिला कळू द्या.

कोरसातल्या बायांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्या घरी एकेक पेन ड्राइव्ह पोचवा. हे काम अभ्यासकावर सोपवू नका, स्वतः जा.

प्रश्न : वडिलांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) साठ-सत्तर तबकड्या आहेत, बहुतेक नाट्यगीतं. धूळ आणि चिकटा बसलाय. स्पिरिटने पुसल्या तर चालेल का? – गृहिणी, महाल

उत्तर : अजिबात नाही. या तबकड्यांमध्ये लाख असते, आपल्या लाखेच्या बांगड्यांमधली तीच लाख, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलं की गाणं गेलं. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून सावलीत उभ्या वाळवा, उन्हात वाकतात. वाजवताना सुई ७८चीच हवी, लाँग प्लेची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते.

मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका, शाई उतरते. म्हणून धुवायला बसण्याआधी प्रत्येक लेबलवरचं गाणं, गायक, कंपनी आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या. साथीदाराचं नाव बारीक अक्षरात खाली असतं. तेही.